कपाटं हलवायची की खुर्च्या वाढवायच्या? (आमच्या उपनगरातलं वाचनालय)

पानखूण (धागाकर्ती) · सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमच्या उपनगरातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी गेल्या वर्षी गेले. गेले म्हणजे ओढली गेले. वार्षिक सभेला सातच माणसं होती आणि माझ्याशिवाय सगळ्यांकडे आधीच काही ना काही पद होतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावरही बसते.

परवाच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. मधल्या दालनातली सहा कपाटं काढायची आणि तिथे चोवीस खुर्च्यांची अभ्यासिका करायची. कारण सरळ आहे. देवघेव वर्षागणिक घटते आहे आणि अभ्यासाला जागा नाही म्हणून मुलं जिन्यात बसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या. देवघेवीची वही मीच लिहिते, त्यामुळे आकडे खोटे आहेत असंही म्हणता येईना. मी नुसतं "पण..." म्हणाले आणि गप्प बसले. इतिवृत्तात त्या "पण"ची नोंद नाही.

आज परत आलेली पुस्तकं लावताना एक जाडजूड रहस्यकथा हातात आली. तारीखपट्टीवर तारीखपट्टी चिकटवून तिचा पुठ्ठा झालेला. सहज चाळली, तर पान ३३ वर आकड्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ. तिच्या शेजारी इवलासा त्रिकोण. खाली फुली. शेजारचं पुस्तक काढलं. पान ३३, त्रिकोण आणि फुली आहे, रेघ नाही. मग अर्धा तास मी तेच करत बसले. आमच्या रहस्यकथांच्या फळीवर किमान चार माणसं गुपचूप आपापली खूण ठेवून जातात: हे वाचून झालंय, पुन्हा नेऊ नकोस. इतक्या रहस्यकथा वाचल्या की नावं कुठली लक्षात राहायला!

ती फळी प्रस्तावातल्या दुसऱ्या कपाटात आहे.

तर प्रश्न असा: वाचनालय उपनगरासाठी नेमकं काय करतं, हे समितीपुढे कसं मांडायचं? भावनिक नको. भावनिक भाषणं आमच्याकडे अध्यक्ष करतात.

---

तिरपागडा · सोमवार, रात्री १०:३१

काढा कपाटं. खिशात अख्खं ग्रंथालय घेऊन फिरतो हल्ली माणूस. पान ३३ चा हवा तर फोटो काढून ठेवा.

---

दोनपिल्लांचीआई · सोमवार, रात्री ११:०५

तिरपागडा, तुमच्या खिशातल्या ग्रंथालयात चार वर्षांचं पोर रांगत जाऊन खालच्या फळीतलं पुस्तक ओढून काढत नाही.

माझ्या धाकट्याने देवमाशाचं एकच पुस्तक सलग सहा वेळा घरी आणलंय. माझ्या मते घरी त्याहून चांगली पुस्तकं आहेत. पण हे *त्याने* निवडलेलं आहे, टेबलावर *त्याने* ठेवलंय आणि शिक्का मारताना टाचा उंचावून *त्याने* बघितलंय. सहाव्या वेळी तिथल्या ताई म्हणाल्या, "देवमासा आला का परत?" त्या दिवसापासून तो रस्त्यात त्या दिसल्या तरी "देवमासा!" म्हणून ओरडतो. आमच्या इमारतीत त्याला नावाने ओळखणारी इतकी माणसं नाहीत.

---

दाखलनोंद · मंगळवार, सकाळी ७:२०

तीस वर्षं ग्रंथपाल होतो. बरंच लिहिणार आहे, वेळ असेल तर वाचा.

पानखूणताई, तुमची वही खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगते. देवघेवीच्या वहीत फक्त *बाहेर गेलेलं* पुस्तक येतं. जे इथेच बसून वाचलं गेलं, शब्द बघायला उघडलं गेलं, जुन्या अंकातून टिपून घेतलं गेलं, त्याची नोंद कुठे? साधा उपाय सांगतो. एक पाटी लावा: "वाचून झालेली पुस्तके फळीवर ठेवू नयेत, टेबलावरच राहू द्यावीत." रोज बंद करताना टेबलावरची पुस्तकं मोजा, वर्गांकानुसार (पुस्तकाच्या पाठीवरचा विषयाचा क्रमांक) लिहा आणि मग जागेवर लावा. दोन आठवडे करा. ही काही माझी युक्ती नाही, ग्रंथालयांत हे जुनंच चालत आलेलं आहे. त्याबरोबरच दर तासाला आत किती माणसं आहेत आणि काय करताहेत त्याची एक फेरी मारून रेघा ओढा. नावं लिहायची नाहीत, फक्त रेघा.

आता तुम्हाला न आवडणारं. प्रत्येक पुस्तक वाचवायला जाऊ नका. १९६९ मध्ये ट्रूसवेल नावाच्या अभ्यासकाने मांडलं की साठ्यातली साधारण २० टक्के पुस्तकं ८० टक्के देवघेव ओढतात. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ग्रंथालयाचा अभ्यास झाला, त्यात विकत घेतलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. ती विद्यापीठाची ग्रंथालयं, तुमचं उपनगरातलं. आकडे जसेच्या तसे लावू नका. पण बाद करण्याजोगी पुस्तकं तुमच्याकडेही असणारच. कालबाह्य झालेली परीक्षा-मार्गदर्शकं, पाच वेळा बदललेल्या करांची माहिती देणारी पुस्तकं, पाणी लागून फुगलेली. ती कपाटात ठेवणं म्हणजे वाचकाला चुकीची माहिती देणं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला पाचवा आहे की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. लोक त्याचा अर्थ "नुसतं भरत राहा" असा घेतात. वाढणाऱ्या झाडाचीही छाटणी करावी लागतेच ना?

फक्त एक खबरदारी. शेवटचा शिक्का जुना दिसला म्हणून लगेच बाद करू नका. सगळ्यात खालची आणि डोक्याच्या वरची फळी लोक बघतच नाहीत. कित्येक "न वाचलेली" पुस्तकं खरं तर "न दिसलेली" असतात. बाद करण्याआधी महिनाभर ती नजरेच्या उंचीला आणून ठेवा. मी एकदा असं केलं, तर निम्मी यादी मलाच फाडावी लागली.

---

तिरपागडा · मंगळवार, सकाळी ९:०२

काका, पोस्ट वाचता वाचता माझं स्टेशन मागे गेलं. पण छाटणीचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, धन्यवाद.

---

खुर्ची_क्र_१४ · मंगळवार, दुपारी १:४७

मी या धाग्यातला खलनायक. म्हणजे तुमच्या वाचनालयातला नाही, दुसऱ्या उपनगरातला. पण त्याच खुर्चीवरचा.

दीड वर्ष रोज जातो. आजवर एकही पुस्तक घरी नेलेलं नाही. माझी पुस्तकं मीच घेऊन येतो. तुमच्या वहीत मी नाहीच.

घरी पाच माणसं, दोन खोल्या. टीव्ही बंद केला तर आजोबांचा दिवस जात नाही आणि चालू ठेवला तर माझा. वाचनालयात दिवा आहे, पंखा आहे, आणि तिथे बसल्यावर "काय करतोस?" असं कुणी विचारत नाही. नोकरी नसलेल्या माणसाला हा प्रश्न न विचारणारी जागा उपनगरात किती असतात, मोजून बघा. बागेत बसलं तर लोक बघतात. दुकानात काही घेतल्याशिवाय बसता येत नाही.

आम्ही दार उघडायच्या आधी अर्धा तास रांगेत उभे असतो. उशीर झाला तर जिना. जिन्यात दुपारी ऊन येतं आणि चार वाजता वही दिसेनाशी होते. तुम्ही पान ३३ वरच्या त्रिकोणाबद्दल इतकं छान लिहिलंत, मला खरंच आवडलं. पण जिन्यातल्या मुलांचा उल्लेख एका ओळीत संपवलात.

---

पानखूण · मंगळवार, दुपारी २:३०

१४, बरोबर बोललास. लागलं. त्या एका ओळीवर आज विचार करते.

---

जुनाबाजार · मंगळवार, रात्री ९:१५

"पुस्तकं की जागा" हे भांडण नवीन वाटतंय का कुणाला? ऐका.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १८५० साली. दहा हजारांहून जास्त वस्तीच्या नगरांना ग्रंथालयासाठी कर लावायची मुभा मिळाली, पौंडामागे फार तर अर्धा पेनी. आता गंमत बघा. त्या पैशातून इमारत उभी करायची, माणसं ठेवायची, पण पुस्तकं घ्यायची नाहीत! ती लोक दान देतील असं गृहीत धरलं होतं. म्हणजे खुर्च्या आधी, पुस्तकं दात्याच्या मर्जीवर. पाच वर्षांत चूक कळली. १८५५ मध्ये कर एक पेनी केला आणि पुस्तकं घ्यायलाही परवानगी दिली.

त्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत कर्नल सिबथॉर्प म्हणून एक खासदार होते. आपल्याला वाचन मुळात आवडतच नाही, असं त्यांनी भर सभागृहात सांगून टाकलं. (तिरपागडा, तुमचे पूर्वज का?)

पुढे वाचनकक्ष भरू लागले, तशी "रिकामटेकडे येऊन बसतात" ही तक्रारही सुरू झाली. १८९० च्या दशकात तिकडच्या काही ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांतल्या घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्या रोज सकाळी काळ्या करून टाकायला सुरुवात केली. पैजा लावणारे तेवढ्यासाठीच येऊन बसतात म्हणून! डोळ्यासमोर आणा: ग्रंथपाल सकाळी शाईची बाटली घेऊन बसलाय आणि बाहेर पैजवाले रांगेत. कोण "खरा वाचक" आणि कोण नाही हे ठरवायला गेलं की ग्रंथपालाच्या हाती शाईच उरते.

---

लोलक · मंगळवार, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. त्या कपाटांना कुलूप कधीपर्यंत होतं, तेही सांगा की.

---

जुनाबाजार · मंगळवार, रात्री १०:२०

फार काळ. बहुतेक ठिकाणी वाचकाला कपाटाला हातच लावता यायचा नाही. कुठलं पुस्तक आत आहे, कुठलं बाहेर गेलंय, हे एका मोठ्या फलकावरच्या आकड्यांवरून बघायचं, चिठ्ठी द्यायची आणि वाट बघायची. १८९४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राउन या ग्रंथपालाने कपाटं वाचकांना मोकळी केली. ब्रिटनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत हे पहिल्यांदाच झालं. मग त्यांच्याच व्यवसायातली मंडळी तुटून पडली. पुस्तकं चोरीला जातील, विस्कटतील, वाचक गोंधळतील.

आज दोनपिल्लांच्या आईंचा मुलगा रांगत जाऊन देवमासा ओढतो, त्यामागे हे भांडण आहे. कपाटं काढून पुस्तकं गोदामात टाकलीत आणि "यादीत बघा, मागवून देऊ" म्हणालात, की तुम्ही पुन्हा फलकाच्या काळात गेलात. फलक आता मोबाइलवर असेल, एवढंच.

---

तिरपागडा · बुधवार, सकाळी ८:५०

पूर्वजांबद्दल आभारी आहे. पण मग हेलसिंकीचं ऊदी ग्रंथालय घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं, जगभर कौतुक झालं. इमारतीच्या एक तृतीयांश भागातच पुस्तकं आहेत. बाकी शिवणयंत्रं, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, बसायला जागाच जागा. तिकडे चालतं, मग इथे का नको?

---

दाखलनोंद · बुधवार, सकाळी ९:३०

कारण त्या एक तृतीयांशात लाखभर पुस्तकं आहेत, आणि तिथे बसून शहरातल्या इतर ग्रंथालयांतलीही मागवता येतात. उपनगरातल्या एकट्या वाचनालयाच्या मागे असा साठा उभा नसतो. त्याने सहा कपाटं काढली की ती गेलीच.

पण शिवणयंत्राची कल्पना मला आवडली, हे कबूल.

---

शेवटचीगाडी · बुधवार, रात्री ११:२५

नाव वाचून कळलंच असेल, मी कधी घरी पोचतो ते.

सगळे देवघेव का घटली यावर बोलताहेत. मी सांगतो का घटली. वाचनालय सकाळी दहाला उघडतं, मी सव्वासातला घर सोडतो. संध्याकाळी सातला बंद होतं, मी आठनंतर उतरतो. रविवारी सुट्टी, कारण कर्मचाऱ्यांनाही रविवार हवा असतो आणि ते रास्तच आहे. मी अकरा वर्षं वर्गणी भरतोय. गेल्या वर्षभरात आत पाऊल टाकलं ते दोनदा. त्यातलं एकदा वर्गणी भरायला.

उपनगर म्हणजे मुळात सकाळी रिकामं होणारं आणि रात्री भरणारं गाव. दुपारी तिथे कोण असतं? म्हातारी माणसं, लहान मुलं, त्यांच्या आया, अभ्यास करणारी पोरं आणि रात्रपाळीवाले. वाचनालय त्यांचंच होणार. मग समिती म्हणते, वाचणारे लोक संपले. संपले नाहीत हो, गाडीत उभे आहेत. निम्मे उभ्या उभ्या वाचताहेतसुद्धा.

कपाटं काढायच्या आधी एकदा दार रात्री साडेनऊपर्यंत उघडं ठेवून बघा. आणि बाहेर एक पत्र्याची पेटी लावा, पुस्तक रात्री टाकून जाता येईल अशी. माझं एक पुस्तक सात महिने थकलंय, ते केवळ यापायी. आता दंडाच्या भीतीने जातही नाही.

---

लोलक · गुरुवार, सकाळी ७:५५

+१. खरं तर +५, माझ्या डब्यातल्या बाकीच्यांतर्फेही.

---

दाखलनोंद · गुरुवार, सकाळी ८:१०

शेवटचीगाडी, दंडाची भीती हा मुद्दा नोकरीत असताना माझ्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागली. आम्हाला वाटायचं, दंड असला की पुस्तक वेळेवर येतं. होतं उलटं. आठवडाभर उशीर झालेला माणूस लाजतो, महिना झाला की तोंड चुकवतो, मग वाचनालयासमोरचा रस्ताच बदलतो. आपण पुस्तकही गमावतो आणि सभासदही. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचा दंड काढून टाकला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. घरोघरी दडलेली पुस्तकं बाहेर आली.

आणि वेळेबद्दल. रंगनाथनांचा पहिला नियम सगळ्यांना पाठ असतो: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. १९३१ च्या त्या पुस्तकात या नियमाखाली त्यांनी चर्चा कशाची केली आहे? ग्रंथालयाची जागा कुठे असावी, वेळ काय असावी, फर्निचर कसं असावं, माणसं कशी असावीत याची. हा माणूस ग्रंथपाल होण्याआधी गणिताचा प्राध्यापक होता. हवेत बोलायची सवय नव्हती. वेळ चुकली तर पहिलाच नियम मोडला, बाकीचे चार नंतर बघू.

---

जुनाबाजार · गुरुवार, दुपारी १२:४०

उपनगराचा विषय निघालाच आहे म्हणून, अवांतर वाटेल पण नाही. बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय १८५४ मध्ये सुरू झालं. ईस्ट बॉस्टनची वस्ती बंदराच्या पलीकडे. पुस्तकासाठी त्यांना होडीने पाणी ओलांडून यावं लागे. १८७० मध्ये ग्रंथालयाने पलीकडे शाखा उघडली, अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयाची ती पहिली शाखा. वाचक येत नसेल तर आपण जावं, हे तेव्हाच सुचलं होतं. आणि १९३१ मध्ये तर तामिळनाडूतल्या मन्नारगुडीला बैलगाडीतून फिरतं वाचनालय गावोगाव जायला लागलं. तेव्हा बैलगाडी जात होती, आता पत्र्याची पेटी भिंतीला लावायची आहे फक्त.

---

स्पर्श · गुरुवार, रात्री ८:०५

मी दिसत नसलेला वाचक आहे. हा धागा फोन मला वाचून दाखवतोय. (खुर्ची_क्र_१४ हे नाव तो "खुर्ची अधोरेखा क्र अधोरेखा चौदा" असं वाचतो, करमणूक होते.)

माझ्यासाठी कपाटांतलं अंतर हा प्रश्न आहे. आमच्याकडच्या वाचनालयात दोन कपाटांमधून आडवं होऊन जावं लागतं, आणि अधेमधे स्टूल ठेवलेलं असतं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला किमान ९० सेंमी मोकळी वाट लागते. खुर्च्या वाढवताना हे बघा, नाहीतर चोवीस खुर्च्या मांडाल आणि पंचविसावी, चाकांची, दारातच अडेल.

दुसरं म्हणजे, "अंधांसाठी आमच्याकडे काही नाही" हे उत्तर आता पुरेसं नाही. २०१३ चा माराकेश करार आहे. दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत करायला आणि ती दुसऱ्या देशातही पाठवायला त्याने वाट मोकळी केली. भारत हा त्याला मान्यता देणारा पहिला देश, २०१४ मध्ये. करार लागू झाला २०१६ मध्ये. वाचनालयात एक संगणक, हेडफोन आणि "तुम्हाला कुठलं पुस्तक हवंय?" असं विचारणारा एक माणूस एवढं असलं तरी पुष्कळ होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड.

---

बिजागरी · शुक्रवार, दुपारी ३:१०

फर्निचरवाला आहे, साहित्यातलं कळत नाही.

कपाटं काढू नका आणि ठेवूही नका. चाकं लावा. छातीपर्यंत उंचीची, दोन्ही बाजूंनी फळ्या असलेली घोडी करा, साधारण १२० सेंमी. खाली ब्रेकवाली चाकं. दिवसा बाजूला सरकवा, मध्ये अभ्यास. संध्याकाळी आणा मध्ये, लोक चाळतील. रविवारी सगळं भिंतीला, मुलांना गोष्टी सांगा.

पण दोन सूचना. एक, खालची फळी आधी भरायची, वरची शेवटी. उलटं केलंत तर सरकवताना घोडी उलटेल, खाली लहान मूल असलं तर काय होईल सांगायला नको. दोन, स्वस्तातली प्लास्टिकची चाकं घेऊ नका. कागद जड असतो. एक मीटर फळीवर तीस-पस्तीस पुस्तकं बसतात, तुम्हीच वजन करून बघा. चाकं महिन्याभरात बसतील आणि मग ती घोडी जिथे अडेल तिथेच तिचं कायमचं कपाट.

---

तिरपागडा · शुक्रवार, दुपारी ३:२५

साहित्यातलं कळत नाही म्हणणाऱ्या माणसाने आत्तापर्यंतचं सगळ्यात कामाचं लिहिलंय.

---

दोनपिल्लांचीआई · शुक्रवार, दुपारी ४:००

तिरपागडा, कुणाचं तरी कौतुक केलंत? तारीख लिहून ठेवते.

---

पानखूण · दोन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

मोजणी झाली. सांगते.

पाटी लावली. पहिले दोन दिवस लोकांनी सवयीने पुस्तकं परत लावली, तीही चुकीच्या जागी. तिसऱ्या दिवसापासून टेबलावर ढीग दिसू लागला. देवघेवीच्या वहीत लागतात त्याहून जास्त पुस्तकं रोज टेबलावर पडलेली होती. शब्दकोश, विश्वकोशाचे खंड, कायद्याची पुस्तकं, नकाशे, पन्नास वर्षांपूर्वीच्या मासिकांचे बांधीव अंक. आणि १४, हे तुझ्यासाठी: त्यातली बरीचशी *अभ्यासाला बसलेल्या मुलांनी* काढलेली. घरी नेत नाहीत, पण उठून कपाटापर्यंत जातात. कपाट दहा पावलांवर आहे म्हणून जातात.

तासातासाच्या रेघाही ओढल्या. सकाळी अकराला वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती ठरलेले नऊ आजोबा. त्यातले एक दाराजवळ बसतात आणि कोण आलं नाही ते बघतात. मंगळवारी एक आले नाहीत तर दुपारी दोघे त्यांच्या घरी जाऊन आले. ताप होता. माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता, समासात लिहिलं. दुपारी तीन ते चार, आया आणि मुलं. आम्ही इतकी वर्षं चारला बालविभाग झाडायला बंद ठेवत होतो. नेमका चारला. कुणाला सुचलंच नव्हतं.

बैठकीत मी भाषण केलं नाही. तक्ता फिरवला आणि शेवटचीगाडी यांची पोस्ट वाचून दाखवली (नाव न घेता). खजिनदार म्हणाले, "हे आमचे जावईबापूच बोलताहेत की काय!"

ठरलं ते असं. चार कपाटांच्या जागी चाकांची घोडी, एक कपाट तसंच भिंतीला, एक जाणार. अभ्यासिकेला चोवीस नाही, सोळा खुर्च्या. १४, कमी आहेत, ठाऊक आहे. मी वीससाठी भांडले आणि हरले. वाटेची रुंदी ठरावात लिहून घेतली, ९० सेंमी. आठवड्यातून दोन दिवस रात्री साडेनऊपर्यंत, तीन महिने करून बघायचं. मी आणि आणखी दोघं आळीपाळीने बसणार. पत्र्याची पेटी मंजूर. दंडावर मात्र अध्यक्षांनी अर्धा तास भाषण केलं आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

---

खुर्ची_क्र_१४ · रविवार, रात्री १०:०२

सोळा म्हणजे आठ मुलं जिन्यात. त्यांना दिवा तरी लावा जिन्यात.

---

पानखूण · रविवार, रात्री १०:०६

उद्या इलेक्ट्रिशियन येतोय. खरंच.

---

दाखलनोंद · सोमवार, सकाळी ७:००

बाद करायच्या यादीवर कोण बसलंय?

---

पानखूण · सोमवार, रात्री ११:१०

मीच, दोन संध्याकाळ. नजरेच्या उंचीवरची तुमची सूचना पाळते आहे. बाद करण्याआधी आता मी प्रत्येक रहस्यकथेचं पान ३३ उघडते. नियमात बसत नाही, पण ज्यावर चार खुणा आहेत ते पुस्तक बांधणीला जातं, रद्दीला नाही.

आणि आज त्रिकोण सापडला. उशिराची पहिलीच रात्र होती. सव्वाआठला एक बाई आल्या, खांद्यावर ऑफिसची बॅग, हातात छत्री. रहस्यकथांची घोडी नवीन जागी बघून थोड्या गोंधळल्या. मग एक पुस्तक काढलं, थेट मध्येच उघडलं, नाक मुरडलं, ठेवलं. दुसरं काढलं, उघडलं, ठेवलं. तिसऱ्याला थांबल्या आणि ते घेऊन टेबलाशी आल्या. परत द्यायचं पुस्तक बॅगेतून काढलं, जरा कडेला वळल्या, केसांच्या क्लिपमागे खोचलेली बोटभर पेन्सिल काढली आणि पानावर काहीतरी केलं. मी मान खाली घालून तारखेचा शिक्का फिरवत राहिले.

त्यांच्या बरोबर डोक्यावर आमची नियमावली टांगलेली आहे. नियम ७: पुस्तकांवर कोणत्याही प्रकारच्या खुणा करू नयेत.